गरीब हात

माझ्या बहिणीच्या दोन्ही मनगटांवर घड्याळं होती आणि एकातही वेळ दिसत नव्हती. बिल्डिंगमधल्या चौघांनी तिला "किती वाजले?" विचारलं. पायल आठ वर्षांची. प्रत्येकाला ती दोन्ही हात दाखवून म्हणाली, "दोन्ही बंद आहेत."

ती यंत्रं होती. कोणता हात किती हलतो ते मिनिटामिनिटाला नोंदवणारी. पायलला सेरेब्रल पाल्सी, डावा हात आखडलेला. रसिका मॅडमच्या थेरपी सेंटरमध्ये तो ठोकळे उचलायचा, मणी ओवायचा. घरी आला की रिटायर व्हायचा. म्हणून २००७च्या दिवाळीनंतर मॅडम म्हणाल्या, "तीन दिवस ही बांधा. घरी डावा वापरतच नसेल, तर उजव्याला तीन आठवडे प्लास्टर घालू. मग डाव्याला उठावंच लागेल."

पायलने उजव्या हाताकडे बघितलं. त्याच हाताने ती जेवायची, लिहायची आणि मला मारायची.

कधी काय केलं त्याची डायरी लिहायचं काम आईने मला दिलं. प्लास्टर टळावं म्हणून मी मन मोठं करून लिहीत गेलो. 'सकाळी आठ: डाव्या हाताने केस विंचरले. साडेआठ: डाव्या हाताने दादाला चहा दिला.' मला त्या घरात कोणत्याच हाताने चहा मिळत नाही. दुपारी तीन ते चार मात्र खरं लिहिलं: झोप. शाळेला सुट्टी होती. आई पायलला घेऊन पलंगाशेजारी खाली चटईवर झोपायची आणि ती उठून पळू नये म्हणून तिचा हात धरून ठेवायची.

त्याच तीन दिवसांत पलंगाखालच्या डब्यातले अकरा लाडू गेले. आळ माझ्यावर आला. घरात तशी पद्धतच आहे.

चौथ्या दिवशी मॅडमनी कॉम्प्युटरवर आलेख उघडला. एका ठिकाणी दोन्ही हात वेड्यासारखे नाचत होते.

"इथे काय करत होती?"

"रिक्षात होती," मी म्हणालो. "काशीमीऱ्याच्या खड्ड्यांच्या रस्त्यावर."

केस विंचरायच्या वेळी डावा शून्य. चहाच्या वेळी शून्य. मॅडमनी माझी डायरी बाजूला सरकवली. आईने पदराला बोटं पुसली, ती ओली नसताना.

"आणि हे?" मॅडम अचानक पुढे झुकल्या. "तीन ते चार, तिन्ही दिवस. उजवा गप्प, डावा वीस-वीस मिनिटं कामात. लोकेश, तू इथे झोप लिहिलंयस."

"झोपच असते," आई म्हणाली. "मी स्वतः हात धरून असते तिचा."

"कोणता?"

"उजवा. उचापती तोच करतो ना. डावा बिचारा गरीब."

गरीब हात हळूच फ्रॉकच्या मागे गेला. स्वतःहून गेला.

"पायल," मी म्हणालो, "लाडू?"

"तू पण खाल्लेस."

"दोनच."

"झाकण खूप घट्ट असतं," तिने मॅडमकडे तक्रार केली. "डबा गुडघ्याने दाबून ठेवावा लागतो."

मॅडमनी आलेख बंद केला. मग म्हणाल्या, "प्लास्टर राहू दे. डबा तिथेच ठेवा. दर आठवड्याला झाकण जरा आणखी घट्ट लावा." फाइलमध्ये त्यांनी लिहिलं: घरगुती व्यायाम.

"लाडू किती ठेवू?" आईने औषधाचा डोस विचारावा तसं विचारलं.

"दोन."

दुसऱ्या दिवशी आईने झाकणावर बसून ते लावलं आणि पायलचा उजवा हात धरून झोपली. मी डायरी घेऊन दारात. तीन वाजून सात मिनिटांनी झाकण कुरकुरलं. एकोणीस मिनिटांनी ते ठणकन फरशीवर पडलं आणि पायलने श्वास रोखला.

आई लगेच घोरायला लागली. आमची आई घोरत नाही.