अर्ध्यावर अडलेला दरवाजा

मित्रांनो, धुळ्याहून सोनगीरकडे जाणाऱ्या आग्रा रस्त्याला लागून एक उंच भिंतींचा मोटारखाना आहे. त्याचा जुना दरवाजा म्हणजे मी. माझा रंग उडाला आहे, पट्ट्यांना गंज चढला आहे. पण याचं मला वाईट वाटत नाही. मला लाज वाटते ती एका दुपारची, आणि तीच तुम्हाला सांगायची आहे.

मी नवापूरकडच्या सागाचा. धुळ्याच्याच एका लोहाराने मला लोखंडी पट्ट्यांत बसवलं. इतर दरवाजे बाहेर किंवा आत उघडतात, मी वर जात असे. माझ्या डोक्याला तारेचा दोर बांधला होता. तो वरच्या कप्पीवरून भिंतीतल्या कोनाड्यात उतरे आणि तिथे त्याला एक भलंथोरलं लोखंडी वजन लटकत असे. साखळी ओढली की ते वजन खाली जाई आणि मी दोन्ही बाजूंच्या खाचांतून अलगद वर चढे. एवढा जड दरवाजा, पण एका हाताने उघडत असे.

माझे मालक मगनभाऊ. त्यांचं कापसातून सरकी काढायचं जीन होतं. १९३६ च्या सुमारास त्यांनी मोटार घेतली आणि तिच्यासाठी हा मोटारखाना बांधला. पाहुणे आले की चहाच्या आधी मला दाखवण्याचा कार्यक्रम होई. भाऊ स्वतः साखळी ओढत, मी वर जाई, आणि पाहुणे तोंडात बोटं घालत. खोटं कशाला बोलू, मलाही ते फार आवडे. मी जरा जास्तच ऐटीत वर जाई.

मोटार चालवायला सोनगीरचा लोटन होता. सडपातळ, कमी बोलणारा. गाडी पुसून झाली की तो शिडी लावून कप्पीला तेल देई, दोरावरून वंगणाचा बोळा फिरवी. त्याचा हात फिरला की मला दिवसभर हलकं वाटे.

एकदा भाऊ पाहुण्यांना मला दाखवत असताना वंगणाचा एक थेंब त्यांच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर पडला. पाहुणे हसले. भाऊंना ते लागलं. त्यांनी त्याच दिवशी तेल-वंगण बंद करायला सांगितलं. शिवाय कोनाड्यातलं काळं वजन आणि दोर बाहेरून दिसतो, ते बरं दिसत नाही, म्हणून सुताराकडून त्यावर वरपर्यंत फळ्या ठोकून घेतल्या आणि त्यांना माझ्यासारखाच हिरवा रंग दिला. आता कप्पीही झाकली गेली. सगळे म्हणाले, काय देखणा दिसतो! मीही त्या कौतुकाने फुगलो.

पुढच्या पावसाळ्यात मी कुरकुरू लागलो. लोटनने भाऊंना सांगितलं, कप्पी कोरडी पडली आहे, फळ्या काढून बघायला हव्यात. भाऊ म्हणाले, लाकूड फुगलं असेल, ऊन पडलं की बसेल. लोटनने पुन्हा सांगितलं. मग भाऊ चिडले, तेव्हा त्याने सांगणं सोडलं.

श्रावणातली दुपार होती. शेजारच्या भिकुबाईंची सून अडली होती. सकाळपासून कळा येत होत्या, सुईणीने हात टेकले होते. भिकुबाई अनवाणी धावत आल्या. मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं, भाऊ, तेवढी गाडी द्या, एवढंच त्यांना बोलता आलं. भाऊंनी लगेच लोटनला हाक मारली. भाऊ मनाचे वाईट नव्हते, हे मी सांगितलं पाहिजे.

लोटनने साखळी ओढली. मी हातभर वर गेलो आणि अडलो.

त्याने पुन्हा ओढली, मग जिनातला धनसिंग आला, दोघांनी मिळून ओढली. मी हललो नाही. कुणी म्हणे कडी अडकली, कुणी म्हणे खाचेत खडा गेला. कडी पाहिली, खाचा झाडल्या, कडेने हातोडीने ठोकलं. खरं दुखणं आत, त्या रंगवलेल्या फळ्यांमागे होतं. दोर कप्पीवरून घसरून बाजूला रुतला होता. मला ते कळत होतं, पण दरवाजाला तोंड कुठे असतं?

पलीकडून सुनेचं कण्हणं ऐकू येत होतं. गल्ली जमली होती. त्या सगळ्यांसमोर भाऊ लोटनवर कडाडले, "दरवाजा तुझ्या ताब्यात होता. बसून पगार खातोस आणि एवढंही सांभाळता येत नाही तुला?"

लोटन वळला आणि धावत गेला. त्याने पहार आणली. पहार, धनसिंग आणि चार खांदे, असं करून त्यांनी मला खांद्याच्या उंचीपर्यंत उचललं आणि कडेला लाकडाचा टेकू दिला. गाडीचं कापडी टप आणि पुढची काच आडवी पाडली की ती खालून निघेल, असं लोटन म्हणाला. मात्र मला तोलून धरायला त्याच्याइतका जाणता दुसरा कुणी नव्हता. म्हणून भाऊच गाडीत बसले. त्यांना जेमतेम चालवता येई. गाडी माझ्या खालून इंचाइंचाने बाहेर पडली, सुनेला आत झोपवलं, भिकुबाई बसल्या, आणि गाडी गेली.

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि खांदे काढून घेतले. लोटनने वाकून टेकू सरकवला. त्याच क्षणी आत रुतून कुरतडलेला दोर तुटला आणि मी खाली आलो.

त्याचा उजवा हात उंबरठ्यावर होता.

मित्रांनो, त्याहून जास्त मी सांगणार नाही. त्याला टांग्यात घालून त्याच दवाखान्यात नेलं. संध्याकाळी कळलं की भिकुबाईंना नातू झाला, सून सुखरूप आहे, आणि लोटनचा हात मनगटापासून काढावा लागला.

दुसऱ्या दिवशी भाऊ एकटेच माझ्यापाशी आले. त्यांनी माझ्या खाचा तपासल्या, साखळीची कडी न् कडी पाहिली. दोष लोहाराचा निघावा, सुताराचा निघावा, असं त्यांना वाटत असावं. शेवटी पहार घेऊन त्यांनी त्या हिरव्या फळ्या उचकटल्या. कोरडी ठणठणीत कप्पी, तिच्या कडेला दोराने पाडलेली चीर, आणि खाली पडलेलं वजन. वच्छलाबाई, त्यांच्या पत्नी, दारात उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "तो सांगत होता तुम्हाला." भाऊ तिथेच जमिनीवर बसले.

दसऱ्याला मला झेंडूचं तोरण बांधलं. याच दरवाजातून गाडी निघाली म्हणून बाळ-बाळंतीण वाचली, असं म्हणत भिकुबाईंनी मला कुंकू लावलं. त्या कुंकवाखाली मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात लोटन आपलं सामान न्यायला आला. भाऊंनी गल्लीतल्या सगळ्यांना थांबवलं आणि त्यांच्यादेखत म्हणाले, "लोटन, त्या दिवशी चारचौघांत मी तुला बोललो. चूक माझी होती. तो शब्द चारचौघांतच परत घेतो. जिनावर देखरेखीला ये, हवं तेव्हा ये."

लोटनने आपली पिशवी उचलली. मग शांतपणे म्हणाला, "शब्द परत येस, भाऊ. हात येत नही." पिशवी डाव्या खांद्याला लावून तो निघाला. फाटकाशी थांबून एवढंच म्हणाला, "पोऱ्याले सांभाळा, भिकुबाई."

तेव्हापासून कप्पीला तेल मिळतं, फळ्या पुन्हा ठोकल्या नाहीत. कोनाडा उघडा आहे, काळा आहे, आणि तसाच बरा आहे.

मित्रांनो, तुमच्या घरातलं दार, रहाट, चाक कुरकुरू लागलं तर त्याला रंग देऊन गप्प करू नका. आणि त्याची रोज देखभाल करणारा माणूस काही सांगू लागला, तर त्याचं पहिल्यांदाच ऐका. दुसऱ्यांदा सांगायला तो येईलच असं नाही.

अजूनही बाजारच्या दिवशी लोटनची बैलगाडी या रस्त्याने जाते. कासरा डाव्या हातात असतो. तो माझ्याकडे बघत नाही. त्याने बघितलं असतं, तर मी कुठे तोंड लपवलं असतं?