उंटाच्या गाण्यातलं नाव

देवव्रत सर बोलू लागले की मालविकाला काही कीर्तनकार आठवत. कथेला उभे राहिले तरी त्यांचा सगळा जीव आपल्या उपरण्याच्या घडीत!

आज आखातातल्या मुशैरिबच्या ऑफिसात सरांनी आख्यान लावलं होतं, शंभरेक वर्षांपूर्वीच्या एका अमेरिकन कार्टूनवाल्याचं. "बोकड काढायचा तोच, हलवायचा तोच. गाणारा मिळेना म्हणून एकदा माइकपुढे स्वतःच बें बें केलं, आणि जन्मभर बोकडाचा आवाज तोच राहिला!"

"आणि पडद्यावर नाव?" मालविकाने विचारलं.

"मालकाचं. पण पठ्ठ्याने कधी ब्र काढला नाही. याला म्हणतात समर्पण!"

समर्पण! दुसऱ्याच्या गळ्यातून गाणं काढून हार स्वतःच्या गळ्यात घालणाऱ्याने हा शब्द उच्चारावा? मालविकाला किळस आली. वर्ल्डकप तोंडावर आला होता. एशियन टाउनमधल्या कामगारांना दाखवायला फुटबॉल खेळणाऱ्या उंटाची हिंदी फिल्म बनत होती. उंट तिचा, गाणं तिचं, आवाज तिचा. पडद्यावर सुरुवातीलाच नाव मात्र एकट्या देवव्रतचं.

"सर, माझं नाव?"

"अगं, टीमवर्कमध्ये नाव कसलं? त्या अमेरिकनाकडून शीक जरा. यल्ला, संपव काम!"

अल रय्यानच्या घरी तिची आई शैलजाबाई नाशिकहून राहायला आली होती. ऐकून म्हणाली, "देवाच्या दारी कशाला गं हवं नावबिव?"

"मग संत अभंगाच्या शेवटी आपलं नाव का गुंफतात, आई?"

आई चपापली. मग तिला खुदकन हसू फुटलं. "गुंफ बाई. बोललीस ते तुझंच आहे, एवढं तरी कळू दे लोकांना."

मालविकाने शेवटचं कडवं बदललं, उंटाचे ओठ नव्याने काढले आणि फिल्म सरांकडे मंजुरीला पाठवली. आपलं नाव पुरेसं ठळक दिसतंय एवढं सरांनी पाहिलं आणि तिथेच फिल्म थांबवली. "परफेक्ट!" गाणं ऐकायची गरज त्यांना कधीच वाटली नव्हती.

एशियन टाउनच्या भल्यामोठ्या पडद्यावर उंट मान वेळावून गाऊ लागला:

"कहे मालविका, सुनो रे भाई,
गेंद सभी की, जीत सभी की!"

दमूनभागून आलेल्या त्या माणसांनी कीर्तनात धरतात तसा टाळ्यांचा ठेका धरला. मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, ये मालविका कौन है?"

सर तिच्या कानाशी फिसकारले, "उद्या हे काढून टाकायचं!"

"काढा ना सर. ओठ पुन्हा काढावे लागतील, आवाजही नवा लागेल. तुम्हीच द्या की, त्या अमेरिकनासारखा."

"तुझं कॉन्ट्रॅक्ट खलास, समजलीस?"

मालविकाने नजर खाली घातली नाही.

"ते तुमच्या हातात आहे, सर. गाणं नाही."

तोवर गर्दीने ती ओळ पुन्हा उचलली होती, तिच्या नावासकट. उत्तर द्यायला सरांनी तोंड उघडलं. साधं बें सुद्धा निघालं नाही.