तीन कुलपांची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी पेटी आहे. सिन्नरच्या निवृत्ती लोहाराने मला घडवले, तेव्हा एवढ्याशा पेटीला तीन कड्या कशाला म्हणून तो हसला होता. हसण्यासारखेच होते ते. माझ्या पोटात राहणार होता फक्त पेठकडच्या एका गावच्या ग्रामसभेचा शिक्का.

गावाचे तीन पाडे आणि प्रत्येक पाड्याकडे एका कुलपाची किल्ली. तिघे जमले तरच मी उघडायची आणि कागदावर शिक्का बसायचा. जंगल असो की झरा, एकट्याच्या मर्जीने काही होत नसे. मला याचा भारी तोरा होता.

सभा शाळेत भरे, म्हणून मीही शाळेतच राहिले. एकदा ज्योत्स्नाबाईंनी मुलांना अमेरिकेची गोष्ट सांगितली. समुद्रापलीकडच्या राजाची सत्ता झुगारून तिथले पुढारी नवे राज्य मांडायला बसले. भर उन्हाळ्यात, खिडक्या लावून, चार महिने भांडले. राजा तर गेला, पण आपणच घरात दुसरा बसवला तर? या भीतीने त्यांनी कायदे करणारे, कारभार पाहणारे आणि न्याय देणारे वेगवेगळे ठेवले. तरी एवढ्याने भागणार नाही म्हणून अखेरच्या दिवशी तिघा पुढाऱ्यांनी सही केली नाहीच. "पहिला राष्ट्राध्यक्ष व्हायला सगळ्यांच्या विश्वासाचा माणूस समोरच बसला होता," बाई म्हणाल्या, "पण सगळ्यांना धास्ती होती ती त्याच्यानंतर येणाऱ्याची."

त्याच हिवाळ्यात एका पाड्याचा सोमनाथ द्राक्षांच्या कामाला दिंडोरीकडे गेला, आणि त्याच्या कमरेची किल्लीही गेली. दोन महिने मी उघडले नाही. दाखले अडले, लोक वैतागले. तो परतल्यावर सभेत ठरले की तिन्ही किल्ल्या गावातल्या वडीलधाऱ्या मंगळूकाकांकडे द्याव्यात. माणूस धुतल्या तांदळासारखा. खालच्या पाड्याच्या भागीबाई मात्र आपली किल्ली सोडेनात.

"मंगळूवर इस्वास नाय का?" कुणीतरी विचारले.

"मंगळूवर हाय," त्या म्हणाल्या. "पण मंगळू काय कायमचा हाय?"

मंगळूकाकांचा चेहरा उतरला. भागीबाईंना ते बघवेना. त्यांनी किल्ली काढून दिली.

काकांनी नऊ वर्षे शिक्का नेकीने वापरला, दर वेळी तिन्ही पाड्यांना विचारून. ते वारले आणि खुंटीवरचा जुडगा पुतण्या दिनेशने उचलला. त्याला तो कुणी दिला नव्हता, पण कुणी परतही मागितला नाही. एका दुपारी तो एकटाच आला आणि त्याने एकामागून एक तिन्ही कुलपे काढली. टेकडी खडीसाठी फोडायला गावाची संमती आहे, अशा कागदावर शिक्का बसला. गावाला कळले ते सुरुंगाच्या आवाजाने.

झरा त्याच टेकडीतून येत होता. दुसऱ्या उन्हाळ्यात तो आटला.

दिनेशने नेलेला शिक्का परत आलाच नाही. तरी शाळा सुटून सामसूम झाली की माझ्या रिकाम्या पोटात तो आपटल्याचा आवाज येतो. मुले म्हणतात, पेटीत भूत आहे. खोटे नाही ते. ज्या दुपारी मी मुकाट्याने उघडले, ती दुपार माझ्यातून जात नाही.

भागीबाई आता दोन कोसांवरून पाणी आणतात. परतताना शाळेच्या ओट्यावर हंडा टेकवतात आणि माझ्या मोकळ्या कडीवर हात ठेवतात. "मंगळूचं तोंड पाह्यलं मी, न् किल्ली सोडली," एवढेच पुटपुटतात.

मित्रांनो, भल्या माणसाला नाही म्हणणे जड जाते. पण आपल्या वाट्याची किल्ली त्यालाही देऊ नका. त्याला वाईट वाटेल. वाटू द्या.