माझ्या रिकाम्या तळाचा फोटो

मी एक जुनी डेग आहे. तांब्याची, आतून कल्हई केलेली, आणि मित्रांनो, खोटं कशाला बोलू, थोडी तोऱ्यातलीच. लातूरला शरणप्पांच्या भाड्याच्या भांड्यांत माझा मान मोठा. लग्न कुणाचंही असो, "ती मोठी डेग धाडा" असा निरोप ठरलेला. पुढे हलकी ॲल्युमिनियमची पातेली आली आणि मला कुणी विचारेना. गोदामात पालथी पडून राहिले. माझ्या पोटात पालींनी संसार थाटला.

शरणप्पांची बहीण मल्लम्मा मुखेडला अन्नछत्र चालवते. तिने मला मागून नेलं, चिंच लावून घासलं, नवी कल्हई करून दिली. तेव्हापासून मी चुलीवर आहे. उमरीहून तूरडाळ येते, शिरूर अनंतपाळचे एक दुकानदार तेलाचे डबे धाडतात, आणि जवळपासचे शेतकरी सुगीला ज्वारीची पोती आणून टाकतात. भुजंगभाऊ त्यांतलेच. रास झाली की पहिलं पोतं अन्नछत्राला, मग घरात. अन्नछत्रातला दयानंद रोज पंगतीचा फोटो काढायचा आणि "आपले आभार" लिहून देणगीदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. आपलं अन्न कुठं गेलं हे देणाऱ्याला कळायला नको का?

गेल्या पावसाळ्यात ओढा भुजंगभाऊंच्या गावात शिरला. त्यांच्या घरातली धान्याची कणगी वाहून गेली, चूल बुडाली. दुसऱ्या दिवशी दुपारी ते ऋतुजाला, आपल्या नातीला घेऊन आमच्या पंगतीत येऊन बसले. मान खाली. माझ्यातल्या ज्वारीच्या कण्या ताटात पडल्या, पहिला घास उचलला, तोच दयानंदने मोबाइल वर केला.

"काका, जरा इकडं बघा."

भुजंगभाऊंनी घास ताटात ठेवला. "त्या ग्रुपात मी बी हाय बाबा. समदे वळखतेत मला."

आणि ते भरल्या ताटावरून उठले! नातीचा हात धरून निघाले. "आबा, भूक लागलीय की," पोर रडवेली झाली, पण त्यांचे पाय थांबेनात. माझं पोट अन्नाने भरलेलं आणि ते लेकरू उपाशी चाललेलं. इतका वाईट दिवस मी गोदामातही काढला नव्हता.

मल्लम्मा चुलीपासून ओरडली, "ओ भुजंगभाऊ! वाढाय माणूस न्हाई हितं, आन् तुमी चाललात व्हय? धरा हा डाव!"

वाढायला बोलावल्यावर आमच्याकडे कुणी नाही म्हणत नाही. भुजंगभाऊ वळले. बाह्या सारून आधी नातीला वाढलं, मग सगळ्या पंगतीला. "घे गं बाई, लाजू नको," म्हणत आग्रहसुद्धा केला. शेवटी वाढप्यांची पंगत बसली, तिच्यात तेही बसले. वाढपी शेवटी जेवतो, तो त्याचा हक्कच असतो. त्याला कुणी मिंधा समजत नाही. मल्लम्माने माझा तळ खरवडून त्यांच्या ताटात घातला आणि ते पोटभर जेवले.

दयानंदचा चेहरा पडला होता. "चुकलं अक्का. पण मग आज ग्रुपवर काय टाकू?"

"हिचा टाक," मल्लम्माने माझ्या काठावर डाव आपटला. "तळ दिसू दे."

अरे देवा! उभ्या जन्मातला पहिला फोटो, आणि तो असा, करपलेल्या तळाचा! मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण संध्याकाळी उमरीहून उत्तर आलं, "डाळ उद्याच पाठवतो." खाली भुजंगभाऊंचं होतं, "यंदा पोतं जमंल का, सांगता येत न्हाई. वाढाय येतो." आणि बाजाराच्या दिवशी ते येतातच.

मित्रांनो, मला वेळेवर कल्हई करा, माझा काठ जपा, तो आधीच चेपलाय. आणि डाळ, तेल, ज्वारी देणाऱ्यांनो, तुमचे अगदी मनापासून आभार. फक्त जेवणाऱ्याचं तोंड दाखवा म्हणू नका. उद्या त्या पंगतीत कोण बसेल, कुणी सांगावं? माझा रिकामा तळ दिसला की समजा, पोचलं.