तिसरा भाग, एकतीस वेळा

मंडळात त्याला सगळे काना म्हणत. छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम, आणि गप्पा मारतानाही समोरच्याची चूक सापडली की हातात लाल पेन आल्यासारखा चेहरा, त्यामुळे आधी कानामात्रा आणि मग नुसताच काना. त्याचा जिवलग मित्र लिफ्टदुरुस्तीचं काम करायचा. सदान्कदा खिशात पाना घेऊन फिरायचा, म्हणून तो पाना. काना आणि पाना शेजारी शेजारी बसले की मंडळातल्या लोकांना आयतंच हसू मिळायचं, आणि ते दोघं बसायचे नेहमी शेजारीच.

मंडळ तसं लहानच होतं. ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत, महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी, वीस-पंचवीस माणसं जमायची आणि सिनेमावर तावातावाने बोलायची. अध्यक्ष होते एक दातांचे डॉक्टर. इतिवृत्त ग्रंथपाल बाई लिहायच्या. सगळ्यांचा जीव की प्राण म्हणजे लोहपंख. पुलांची कामं करणारा एक इंजिनिअर, पाठीला पोलादी पंख, अठरा वर्षांत सहा सिनेमे. पंचेचाळिशी उलटलेली ही माणसं त्या पंखांच्या रंगावरून एकमेकांशी अबोला धरायची.

त्या वर्षी सिनेमे काढणाऱ्या कंपनीने जाहीर केलं की जुनी गोष्ट सगळी मोडीत काढायची. नवा नट, नवे पंख, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मंडळात उभी फूट पडली. डॉक्टरांनी तोडगा काढला, की रीतसर वादच घालू. मालिका रीबूट करावी की करू नये. करावी म्हणून काना बोलेल, करू नये म्हणून पाना.

"मी?" पाना म्हणाला. "मला माईकवर बोलता येत नाही हो. मी लिफ्टच्या खड्ड्यात बोलतो, तेही स्वतःशी."

"मग तिथेच सराव कर," काना म्हणाला, आणि सगळे हसले.

पानाने खरंच सराव केला. वादाच्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला, आणि बरोबर बायकोला घेऊन आला. वहिनी मंडळात पहिल्यांदाच आल्या होत्या. दुसऱ्या रांगेत बसल्या, मांडीवर पर्स घट्ट धरून. "भावोजी, ह्यांना फार छळू नका हं," त्या कानाला म्हणाल्या. "आठ दिवस आरशासमोर उभं राहून बोलतायत."

काना आधी बोलला. तो चांगलाच बोलला. जुन्या नटाचे गुडघे गेलेत, आता तो उडाला की प्रेक्षकालाच धाप लागते. सहा सिनेमांत गोष्टीचा इतका गुंता झालाय की नव्या माणसाला आत यायला दार उरलेलं नाही. आणि घसरण सुरू झाली तिसऱ्या भागापासून, ज्यात नायकाचे पंख पहिल्या दहा मिनिटांत निकामी होतात आणि पुढे दोन तास तो नुसता पायी चालतो. लोकांनी टाळ्या दिल्या. काना पाण्याचा घोट घेऊन ऐटीत बसला.

मग पाना उठला. आधी त्याचा आवाज बसला. मग त्याने हातातला कागद खिशात घातला.

"नव्याने सुरू करायचं म्हणजे काय," तो म्हणाला, "लोहपंखाचा बाप पुन्हा पुलावर मरणार. तेच रडणं, तोच पाऊस, फक्त बाप नवा. मी यंत्रावर काम करतो. जुनं यंत्र कुरकुरायला लागलं की लोक म्हणतात, बदलून टाका. मी म्हणतो, आधी उघडून तर बघा. त्या तिसऱ्या भागाला सगळे नावं ठेवतात. मी तो थिएटरात एकतीस वेळा पाहिलाय. त्यात पंख चालत नाहीत, पण तो रोज सकाळी अंगावर चढवतो. घरच्यांना कळू नये म्हणून. तसा माणूस मी दुसऱ्या कुठल्या सिनेमात पाहिला नाही. त्याला पुसून टाकू नका, एवढंच."

एवढंच बोलून तो बसला. टाळ्या पडल्या, कानाला पडल्या होत्या त्याच्या दुप्पट. ग्रंथपाल बाईंनी लिहिणं थांबवून चष्मा पुसला. वहिनी मागच्या बाईकडे वळून काहीतरी म्हणाल्या, बहुतेक "आमचे आहेत ते."

आता कानाला उत्तराची तीन मिनिटं होती. आणि इथे त्याच्या मागची एक गोष्ट सांगायला हवी.

तीन वर्षांपूर्वी कानाच्या हातून एक चूक निसटली होती. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी बायकोच्या आठवणींचं पुस्तक छापायला दिलं होतं, आणि अर्पणपत्रिकेत बायकोच्याच नावातलं एक अक्षर चुकलं. सगळ्या प्रती बांधून झाल्या होत्या. ते गृहस्थ छापखान्यात आले, पान उघडलं, त्या अक्षरावरून बोट फिरवलं आणि पुस्तकं घेऊन गेले. काना तीन दिवस घरातून बाहेर पडला नाही. त्याच्या मोठ्या बहिणीने, ताईने, शेवटी पानाला बोलावलं. पाना येऊन त्याच्या पलंगाच्या कडेला बसला. धीराचे शब्द त्याला कधीच जमायचे नाहीत. त्याने सांगितली ती स्वतःची गोष्ट.

त्याच्याही नऊ वर्षं आधी पानाची नोकरी गेली होती. सात महिने. त्याने घरी सांगितलंच नाही. रोज सकाळी हत्यारांची पिशवी उचलायची, वहिनींनी दिलेला डबा घ्यायचा, काम शोधत फिरायचं आणि पाय थकले की दुपारच्या खेळाला जाऊन बसायचं. तिथे लोहपंखाचा तिसरा भाग लागला होता. "तुलाच सांगतोय," तो म्हणाला होता. "माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. लाज वाटून माणूस मरत नाही रे. मी नाही मेलो." काना दुसऱ्या दिवशी उठून कामावर गेला होता.

आता माईकपुढे उभं राहिल्यावर कानाच्या कानात त्या दुप्पट टाळ्या वाजत होत्या. आयुष्यभर शब्दांवर पोट भरणारा तो, आणि लिफ्टवाला त्याच्यावर मात करून गेला होता. नाकाला मिरच्या झोंबाव्यात तसं झालं होतं. मुद्दा सापडत नव्हता. मग एक सापडला.

"माझा मित्र म्हणतो एकतीस वेळा," त्याने हसत सुरुवात केली. "आता एकतीस वेळा का, तेही ऐका. सिनेमा थोर होता म्हणून नव्हे. साहेबांची नोकरी गेली होती. सात महिने घरी थापा मारून पिशवी घेऊन बाहेर पडायचे, दुपारी टेकायला खुर्ची हवी होती. त्या पडद्यावर साबणाची जाहिरात लागली असती तरी यांनी ती एकतीस वेळा पाहिली असती, आणि आज तिच्यासाठी गळा काढला असता."

लोक हसले. कोणाला वाटलं गंमत आहे, काना-पानाची नेहमीची. मागचे दोघं तर खो खो हसले. मग एकेक करून हसणं विझत गेलं, कारण पाना हसत नव्हता. तो जमिनीकडे बघत होता आणि त्याचे कान लालभडक झाले होते. वहिनी हळूच वळून नवऱ्याकडे बघत होत्या.

कानाची दोन मिनिटं अजून शिल्लक होती. "थोडक्यात," तो म्हणाला, आणि वाक्य तिथेच सोडून माईक ठेवला. तो खाली बसला.

डॉक्टरांनी घाईघाईने हात वर करायला सांगितले. नव्याने सुरू करावी म्हणणारे दोन मतांनी जिंकले. पाना आणि वहिनी तोवर उठून गेले होते.

काना त्यांच्या मागे धावला. जिन्याच्या वळणावर त्याला त्यांचे आवाज ऐकू आले आणि त्याचे पाय तिथेच थबकले. खालच्या पायरीवर दोघं उभे होते.

"मी रोज डबा करून देत होते," वहिनी म्हणत होत्या. आवाज चढलेला नव्हता. "तो कुठे बसून खायचात तुम्ही?"

"मध्यंतरात," पाना म्हणाला.

"अंधारात?"

"दिवे लावतात गं मध्यंतरात."

दोघं जिना उतरून गेले. काना कठड्याला धरून उभा राहिला. वरून कोणीतरी हाक मारली, "अरे काना, चहा घे, जिंकलास ना." त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी ताईने विचारलं, "काय झालं वादाचं?"

"जिंकलो," तो म्हणाला, आणि डोकं दुखतंय सांगून आडवा झाला.

सोमवारी तो ग्रंथालयात गेला. ग्रंथपाल बाई परत आलेली पुस्तकं फळीवर लावत होत्या. "बाई, कालच्या इतिवृत्तातलं माझं ते वाक्य काढता येईल का?"

"मी लिहिलंच नाही ते," बाई पाठमोऱ्याच म्हणाल्या. "लिहिण्यासारखं होतं का?"

त्याने पानाला फोन केले. पाच, सहा, सात. उचलले गेले नाहीत. चांगला मजकूर लिहून पाठवावा म्हणून तो बसला, आणि लिहिलेलं एकेक वाक्य वाचून त्याची त्यालाच किळस आली. प्रत्येक वाक्यात तो स्वतःची बाजू मांडत होता. "गंमत म्हणून", "भरात", "तुला माहीत आहे माझा स्वभाव". सगळं खोडलं की नुसतं "चुकलं" उरत होतं, आणि तेवढं पाठवायला बोट धजेना.

गुरुवारी संध्याकाळी तो त्यांच्या घरी गेला. दार वहिनींनी उघडलं. त्या बाजूला झाल्या, पण "या" म्हणाल्या नाहीत. पाना टेबलाशी बसून पंख्याची मोटर उघडत होता. त्याने वर पाहिलं.

"या, बसा," तो म्हणाला.

बावीस वर्षांत पानाने त्याला कधी "बसा" म्हटलं नव्हतं. कानाला वाटलं, एक शिवी हासडली असती तर बरं झालं असतं.

"अरे, मी माफी मागायला आलोय."

"हो. फोन आले होते तुमचे."

"असं तुम्ही-तुम्ही नको करूस रे. वाटल्यास दोन थोबाडीत दे."

पानाने स्क्रू काढून बशीत ठेवला. "मुद्दाम नाही करत. दोन दिवस मनातल्या मनात तुमच्याशी बोलून पाहिलं, पहिल्यासारखं. जमेना. राग नाही आता. पण मोकळं वाटत नाही."

"मी तीन वर्षं कोणालाही सांगितलं नव्हतं," काना म्हणाला, आणि म्हणतानाच त्याला कळलं की हे बोलायला नको होतं.

"हो ना," वहिनी म्हणाल्या. त्या दाराशीच उभ्या होत्या. "तुम्हाला तीन वर्षं माहीत होतं. मला बारा वर्षं नव्हतं. भावोजी, नोकरी गेली याचं मला काही नाही. ती कोणाचीही जाते. पण मी त्या सात महिन्यांत ह्यांच्याशी किती भांडले असेन. उशिरा आलात, भाजी आणली नाही, दमलात म्हणून सारखे काय झोपता. आणि हे ऐकून घेत होते. ते सगळं मला रविवारपासून एकेक आठवतंय. आणि ते मला कळलं कुठे, तर पंचवीस माणसं हसत असताना."

कानाने मान खाली घातली. त्याला पुष्कळ शब्द येत होते, त्यातला एकही उपयोगाचा नव्हता.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

"हो," पाना म्हणाला.

त्यानंतर काना तिथे फार तर दोन मिनिटं बसला असेल. पानाने मोटरला तेल दिलं. वहिनींनी पाणी आणून ठेवलं. ते पिऊन तो उठला, तेव्हा पाना दारापर्यंत आला, पाहुण्याला पोचवायला येतात तसा.

त्या रात्री जेवताना त्याने ताईला सगळं सांगितलं. आधी ती ऐकत होती, मग तिने घास खाली ठेवला. "तू पलंगावर पडून होतास तेव्हा त्याने सांगितलं होतं ना ते? तुला उठवायला?"

"हो."

ताईने त्याला धीर दिला नाही आणि बोलही लावला नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "मीच बोलावलं होतं त्याला." मग ती ताट घेऊन उठली. कानाला वाटलं, आपल्या वाट्याची थोडी लाज तिनेही उचलून नेली.

पुढच्या आठवड्यात त्याने डॉक्टरांना कळवलं, की मी मंडळ सोडतोय. पानाला यायचं असेल तर माझी अडचण नको. डॉक्टरांनी फार आग्रह केला नाही.

सहा महिन्यांनी त्याची दाढ दुखायला लागली, आणि गावभर दवाखाने असताना तो डॉक्टरांकडेच गेला. त्यांनी सुई दिली, जबडा बधिर झाला, आणि तोंडात नळी, आरसा, कापूस असं सगळं कोंबल्यावर ते गप्पांना लागले.

"पाना येतो हल्ली मंडळात," ते दिव्याची मान वळवत म्हणाले. "वहिनीपण येतात. परवा जुना सिनेमा दाखवायचा होता, तर कुठला ते त्यांनीच सांगितलं. म्हणाल्या, मला तो तिसरा भाग बघायचाय. पूर्ण बघितला, जागच्या हलल्या नाहीत. पाना शेजारी बसून सगळं समजावून सांगत होता. तोंड जरा मोठं उघडा."

कानाने तोंड उघडलं. बघून झाल्यावर वहिनी काय म्हणाल्या, हे त्याला फार विचारावंसं वाटत होतं. डॉक्टर दाढ कोरत राहिले, नव्या लोहपंखाच्या पंखांना कसा भलताच रंग दिलाय ते सांगत राहिले. शेवटी त्यांनी नळी काढली आणि चूळ भरायला सांगितलं. ओठ अजून जड होते, पण आता शब्द फुटला असता.

"काही म्हणत होतात का?" डॉक्टरांनी विचारलं.

कानाने मानेनेच नाही म्हटलं, आणि रुमालाने तोंड पुसत बाहेर आला.