फिदेलिनाचा वांझ वाफा

तोरिब्योची नजर गरम, हे आमच्या योरोच्या डोंगरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्याने कौतुकाने पाहिलं की लेकरू तापतं, कोवळं रोप मान टाकतं. उतारा एकच: ज्याची नजर लागली, त्यानेच नऊ सकाळी उपाशीपोटी येऊन हात लावायचा. शेजारच्या फिदेलिनाच्या वाफ्यात मिरचीचं एक बी उगवेना, तेव्हा तिने कुंपणावरून हाक मारली.

"अहो तोरिब्यो, काय टक लावून बसता माझ्या वाफ्याकडे? या इकडे, हात लावा!"

"मी वाफ्याकडे बघतच नव्हतो, बाई."

"मग कुणाकडे बघत होतात?"

 तोरिब्यो कुंपण ओलांडून वाफ्याशी गेला. हात लावून झाल्यावर उपाशी माणसाला तसं कसं धाडायचं, म्हणून तिने कॉफी दिली, तव्यावरची मक्याची गरम तोर्तिया दिली, वर घेवड्याची उसळ. विधुर तोरिब्यो तीन वर्षं स्वतःच्याच करपलेल्या तोर्तिया खात होता. त्याचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी वाफ्यात हाताला ओला पाला लागला. कुंपणाला लावलेल्या मादरेआदो झाडाचा! तोरिब्यो स्वतः मक्यात हाच पाला अंथरून तण मारत असे. मक्याचा टपोरा दाणा त्यातून वर येतो, पण बारीक बी पाल्याच्या रसाने जागीच मरतं. म्हणजे नजर-बिजर सगळं झूट. पण हे सांगावं तर न्याहारी बंद. तोरिब्यो तोंडाला कुलूप लावून बसला. लबाड म्हणा त्याला, पण आधी तिच्या हातची तोर्तिया खा आणि मग बोला.

सातव्या दिवशी फिदेलिनाने उसासा टाकला. "शेतकऱ्यांच्या सान इसिद्रोचा सण आठवड्यावर आला. बायका रोपं न्यायला येतील. त्यांना काय, माती देऊ?"

तोरिब्योने हातातला घास खाली ठेवला. या बाईवर त्याचा जीव होता, आणि तिचाच हंगाम तो खात बसला होता.

"नजर नाही ती, फिदेलिनाबाई. पाला काढा. मला कधीचंच कळलं होतं."

"कधीचं म्हणजे?"

"पाच दिवस झाले."

"आणि गप्प बसलात? का?"

"तोर्तिया," तो म्हणाला. मग कान लाल करून पुटपुटला, "आणि तुम्ही."

फिदेलिना हाताआड नाही, चांगली खदखदून हसली. "पाला मीच टाकला. माझ्या आईने जन्मभर त्यानेच तण मारलं, मला कळत नाही होय?"

तिने त्याला स्वयंपाकघरामागे नेलं. तिथे महिन्याभरापूर्वी पेरलेली मिरची वीतभर वाढून डोलत होती. 

"आता बायका येतील," ती म्हणाली. "विचारतील, हा माणूस रोज सकाळी इथे काय करतो? काय सांगू?"

"सांगा, उतारा चाललाय."

"तो परवा संपतो."

तोरिब्योने टोपी काढली, चुरगाळली, पुन्हा घातली.

"मग सांगा, लग्न ठरलंय."

"सुटले बाई एकदाची!" म्हणत फिदेलिना दुसरा तवा चढवायला आत गेली.