आज च्या नाई

"पौर्णिमा, साहेब आले ना, च्या मांड!" आजीनं बाजेवरूनच हुकूम सोडला.

जागृतीनं चमकून पाहिलं. कारण आई खरंच उठली! डावा हात प्लास्टरमध्ये, तरी निघाली ओट्याकडे.

मागच्या आठवड्यापासून मायलेकी सिंदी मेघेला मावशीकडे राहत होत्या. आज वडनेरला बाबांच्या घरी यायचं ते फक्त आईचं शिलाई मशीन न्यायला, एवढंच ठरलं होतं. सोबत पोलीस ठाण्यातले हवालदार गजेंद्रकाका आणि तिथल्याच समुपदेशन केंद्रातल्या अन्नपूर्णाताई.

पण या घरातला चहा जागृतीला पक्का ठाऊक होता. मागच्या खेपेला बाबांनी मारलं, तेव्हा भावकी आली होती समजूत घालायला. आईनंच सुजलेल्या हातानं चहा केला, सगळ्यांनी बशीतून फुरके मारले, आणि मिशा पुसत गेली मंडळी. चहा प्याला, म्हणजे मिटलं!

बाबा तर हसत हसत खुर्चीच पुसायला लागले. "बसा ना साहेब. घरचाच मामला हाय."

गजेंद्रकाका बसले नाहीत. एवढ्या मोठ्या मिशा, आता गरजतील असं जागृतीला वाटलं. पण ते नुसते दार मोकळं सोडून चौकटीशी उभे राहिले आणि त्यांनी ताईंकडे पाहिलं. ताई जेमतेम त्यांच्या खांद्याएवढ्या!

"निकेशभाऊ, कामावर असलो का आमी दोघंबी कोनाच्या घरी च्या घेत नाई," ताई म्हणाल्या. "बाकी पौर्णिमाताई, तुमाले मांडायचा असन तर मांडा. तुमची मर्जी."

मर्जी? अहो, नको म्हणा ना तिला! जागृतीच्या अगदी ओठांवर आलं होतं. ताईंनी हळूच तिचा हात दाबला.

गॅस पेटला. आई त्या निळ्या ज्योतीकडे बघत राहिली.

"अद्रक टाकजो," आजी म्हणाली.

खट्.

आईनं गॅस बंद केला होता.

"आज च्या नाई," ती म्हणाली. आवाज काही मोठा नव्हता. "मी माही मशीन न्याले आली."

"लय झाले तुहे नखरे..." बाबा पुढे सरसावले.

"भाऊ, बाजूले व्हा," गजेंद्रकाका पहिल्यांदाच बोलले. "पौर्णिमाताई बोलून राह्यल्या ना."

बस, एवढंच! आणि बाबा झाले की बाजूला! पण जागृतीचं तिकडे लक्षच नव्हतं. ती आईकडे बघत होती. ही बाई इतकी वर्षं होती कुठं?

खाकीतल्या हवालदारानं मशीन खांद्यावर घेतलं, आई पुढे, आणि सगळी गल्ली दारात! आईनं पदर तोंडावर ओढला नाही.

फाट्यावरच्या टपरीवर काकांनी चहा सांगितला. पहिला कप त्यांनी आईपुढे धरला. ती गडबडलीच.

"तुमी घ्या ना पह्यले, साहेब."

काकांनी हात मागे घेतला नाही. "तुमचा हाय, ताई."

आईनं कप घेतला. थोडा वेळ नुसताच धरून ठेवला, वाफ चेहऱ्यावर येऊ दिली. बाकीची तिघं आपापले कप घेऊन उभी होती. प्यायलं कुणीच नव्हतं.

मग आईनं फुंकर मारली.